फोटो कोणी काढला?

माणसाच्या खोलीत भिंतीवर कोणाचा फोटो आहे, यावरून त्याची एकूण कुवत कळते असं माझं जुनं मत आहे. होस्टेलला असताना आम्ही तिघांनी खोलीच्या तीन भिंती वाटून घेतल्या होत्या. (चौथ्या भिंतीत दार होतं आणि दाराला कडी नव्हती.) एकाच्या भिंतीवर मधुबाला होती, दुसऱ्याच्या भिंतीवर सुनील गावसकर होता आणि माझ्या भिंतीवर सॅटर्न-5 होतं. सॅटर्न-5 म्हणजे माणसांना चंद्राकडे घेऊन जाणारं अमेरिकन रॉकेट. उंची सुमारे 111 मीटर. माझ्या भिंतीवर दीड फूट. रेक्टर तपासणीला आले की मधुबालेसमोर घसा खाकरायचे, गावसकरसमोर आदल्या दिवशीचा स्कोअर विचारायचे आणि माझ्या भिंतीसमोर नुसतेच उभे राहायचे. एकदा मात्र त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "कुठल्या साखर कारखान्याची चिमणी रे ही?"

त्यांना तरी दोष का द्या? यानांचे फोटो आवडणं हा आजार गोवरासारखा लहानपणीच यावा लागतो. मला तो पुस्तकांच्या कव्हरांतून आला. जून महिन्यात घरोघरी वह्यापुस्तकांना कव्हरं घालण्याचा सोहळा असायचा. खाकी कागद विकत आणावा लागे. गुळगुळीत कागद मात्र माझे काका आणायचे. त्यांच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांकडे अमेरिकेचं 'स्पॅन' यायचं आणि दुसऱ्या एका गृहस्थांकडे रशियाची रंगीत मासिकं यायची. ते दोघे एकमेकांशी बोलत नसत. काका दोघांशीही बोलत. त्यामुळं बाहेर शीतयुद्ध पेटलेलं असताना माझ्या दप्तरात दोन्ही महासत्ता डब्यातल्या पोळीभाजीसारख्या गुण्यागोविंदानं नांदत होत्या. गणिताला जॉन ग्लेन, इतिहासाला व्हॅलेंटिना तेरेश्कोवा आणि भूगोलाला साक्षात पृथ्वी.

ही पृथ्वी म्हणजे अपोलो-8 मधून काढलेला तो प्रसिद्ध फोटो. खाली चंद्राची राखाडी जमीन आणि वर काळ्या आभाळात अर्धी उगवलेली निळी पृथ्वी. आमच्या भूगोलाच्या गुरुजींनी कव्हर पाहिलं आणि मला उभं करून त्यात भारत दाखवायला सांगितला. सगळीकडे ढग होते. मी एका ढगावर बोट ठेवलं. गुरुजींनीही पुढं फारसं ताणून धरलं नाही.

या फोटोची हकिगत मला खूप वर्षांनी वाचायला मिळाली. 24 डिसेंबर 1968. बोरमन, लोव्हेल आणि अँडर्स हे तिघे चंद्राभोवती घिरट्या घालत होते. काम होतं चंद्राच्या जमिनीचे फोटो काढण्याचं, पुढच्यांना उतरायला जागा बरी पाहून ठेवायची म्हणून. एवढ्यात खिडकीतून पृथ्वी उगवताना दिसली. अँडर्स धावपळ करत रंगीत फिल्म मागू लागले, तर प्रमुख बोरमन गमतीनं म्हणाले, की काढू नका, हे कार्यक्रमात नाही! ऑफिस चंद्रापर्यंत पोचलं तरी साहेब तो साहेबच. अँडर्सनी फोटो काढला. आता त्यांच्या मूळ फोटोत चंद्राची जमीन आडवी नाहीच, उजवीकडे भिंतीसारखी उभी आहे. छापणाऱ्यांनी तो फिरवून आडवा केला. जमीन म्हटली की ती पायाखाली पाहिजे, आणि उगवायचं म्हटलं की वर उगवलं पाहिजे. वाचकांच्या मानेची काळजी दुसरं कोण घेणार?

पण हा झाला पृथ्वीचा फोटो. माझा जीव यानांवर, आणि यानाचा फोटो ही वाटते तितकी सोपी वस्तू नाही.

पहिलं यान स्पुतनिक. 4 ऑक्टोबर 1957 ला वर गेलं. अठ्ठावन्न सेंटीमीटरचा चकचकीत गोळा, वजन 83.6 किलो, चार लांबलचक ॲंटेना. चिंच लावून घासलेल्या घागरीला मिश्या फुटाव्यात, तसं ध्यान. त्याचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पण तो नीट पाहा. गोळा स्टँडवर ठेवलेला आहे. म्हणजे तो फोटो जाण्यापूर्वीचा आहे, मुंजीला निघालेल्या बटूचा काढतात तसा. वर गेल्यावर काढणार कोण? तिथं दुसरं होतं कोण?

रशियनांनी तर पुढं कमालच केली. 12 एप्रिल 1961 ला गागारिन पृथ्वीला फेरी मारून आला, त्याचं हसू जगभर छापून आलं. त्याच वर्षाच्या अखेरीला तो स्वतः हिंदुस्थानात येऊन मुंबईला हसून गेला. पण त्याचं व्होस्तोक यान दिसतं कसं, हे मात्र सोव्हिएत सरकारनं कित्येक वर्षं झाकून ठेवलं. तोवर चित्रकारांनी मनाला येतील ती यानं रंगवली. टोकदार नाकं, पंख, शेपट्या, मागून ज्वाळा. माझ्या इतिहासाच्या वहीवरचं यान असंच कुणाच्या तरी कल्पनेतलं होतं. पुढं खरं व्होस्तोक फोटोत पाहिलं तर तोफेचा एक मोठा गोळा आणि मागं पत्र्याचा डबा. इतक्या देखण्या माणसाला इतक्या साध्या वाहनातून पाठवलं, म्हणून मला थोडं वाईटच वाटलं.

एका यानातल्या माणसांनी दुसऱ्या, माणसं बसलेल्या यानाचा वर असताना फोटो काढायला 15 डिसेंबर 1965 उजाडावा लागला. अमेरिकेची जेमिनी-6 आणि जेमिनी-7 ही दोन यानं, ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगानं जाता जाता, एकमेकांपासून अक्षरशः फूटभर अंतरावर आली. आपल्याकडे घाटात दोन गाड्या इतक्या जवळ आल्या की ड्रायव्हर काच खाली करून एकमेकांच्या घरची चौकशी करतात. इथं काच खाली करायची सोय नव्हती. तर जेमिनी-6 मधल्या शिरा यांनी खिडकीला पाटी लावली: 'आर्मीला हरवा.' फुटबॉलच्या सामन्याबद्दल होतं ते. समोरच्या यानातले बोरमन आर्मीच्या कॉलेजातले आणि बाकीचे तिघे नेव्हीच्या. मानवजात एवढी उंचावर गेली, पण कॉलेजचं भांडण खाली ठेवून जायचं कोणाला सुचलं नाही. त्या दिवशीचे जेमिनी-7 चे फोटो मात्र माझ्या चिकटवहीत पहिल्या पानावर आहेत. स्टँड नाही, तंबू नाही, खाली ढग आणि यान आपलं मोकळं तरंगतंय. मागून कसल्यातरी पट्ट्या लोंबतायत, कटलेल्या पतंगासारख्या. खरं यान असंच दिसणार. चित्रकाराला पट्ट्या सुचल्या नसत्या.

1969 साली चंद्रावर माणूस उतरला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आपल्या घड्याळात 21 जुलैच्या सकाळचे साडेआठ वाजत आले होते. टीव्ही तेव्हा देशात फक्त दिल्लीला. मुंबईला तो 1972 ला आला आणि आमच्या गावाला येईपर्यंत चंद्रावर जायची फॅशन जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही रेडिओवर ऐकलं. तिथं काढलेली फिल्म खाली आणून, धुऊन, छापून आमच्यापर्यंत यायला पुढचा महिना लागला. काकांनी मासिक आणून आजीसमोर उघडलं. पानभर फोटो: पांढऱ्या जाड पोशाखातला, पाठीवर पेटी घेतलेला माणूस राखेत उभा.

"गिरणीतला का?" आजीनं विचारलं.

"आई, चंद्रावरचा माणूस आहे तो."

आजीनं चष्मा लावला. "पहिला उतरला तो हाच का?"

"नाही, हा दुसरा. ऑल्ड्रिन."

"मग पहिल्याचा दाखव."

काका पानं उलटू लागले. ऑल्ड्रिन शिडीवरून उतरताना. ऑल्ड्रिन झेंड्याजवळ. ऑल्ड्रिनच्या बुटाचा ठसा. ऑल्ड्रिन एक यंत्र घेऊन चालताना. काकांनी मागून पुढं आणि पुढून मागं सगळं मासिक चाळलं.

"आर्मस्ट्राँगचा नाही दिसत. फोटो तोच काढत होता ना."

आजीनं एकदा फोटोकडे पाहिलं आणि एकदा काकांकडे. म्हणाली, "तुझ्यासारखाच म्हणायचा."

आजीला अमेरिकेची एरवी एकच गोष्ट पटली. चंद्रावरून आलेल्या तिघांना तीन आठवडे कोणी शिवत नव्हतं, वेगळं ठेवलं होतं, हे ऐकून ती म्हणाली, "शहाणे आहेत." चंद्रावर चपला घालून हिंडल्याबद्दल मात्र ती शेवटपर्यंत नाराज होती. चंद्रावर वापरलेले वरचे बूट दोघांनी तिथंच बाहेर टाकले आणि मग यान हाकललं, ही बातमी मला फार उशिरा वाचायला मिळाली; तोवर आजी नव्हती. तिला केवढं समाधान वाटलं असतं!

तिनं काकांना मारलेला टोमणा सगळ्या घराला कळला होता. काकांकडे अ‍ॅग्फा क्लिक-थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो. तो रोल दिवाळी, एखादी मुंज आणि एक सहल एवढ्यांत वर्षभर पुरवायचा. काका आम्हाला उन्हाकडे तोंड करून उभं करायचे, कारण सूर्य फोटोग्राफरच्या पाठीमागं असला पाहिजे असं कॅमेऱ्याबरोबरच्या कागदात लिहिलं होतं. त्यामुळं आमच्या घराण्यातले सगळे लोक फोटोत डोळे बारीक करून, कुणाचा तरी संशय आल्यासारखे बघतायत. आणि फोटोच्या खालच्या कडेला, गवतावर किंवा अंगणातल्या फरशीवर, एक लांब सावली पडलेली आहे. दोन्ही कोपरं बाहेर, मान खाली. ते काका.

1983 मध्ये काका अचानक गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून काकूनं ट्रंक उघडली. शेकडो फोटो निघाले. पन्हाळा निघाला, माझी मुंज निघाली, शेजाऱ्यांची गायसुद्धा दोनदा निघाली. काका एकाही फोटोत नव्हते. शेवटी त्यांच्या ऑफिसच्या ओळखपत्रावरचा, तिकिटाएवढा फोटो मोठा करून घेतला. त्या फोटोत काकांच्या डाव्या खांद्यावर ऑफिसचा अर्धा गोल शिक्का आहे. तसबिरीला हार घालताना काकू तो हार नेमका त्या शिक्क्यावर येईल असा घालायची.

आर्मस्ट्राँगचंही थेट तसंच झालं. चांगल्या कॅमेऱ्यानं काढलेला त्याचा चंद्रावरचा एकही फोटो नाही, अशी पुष्कळ वर्षं समजूत होती. पुढं बारकाईनं शोधल्यावर एकात तो सापडला: यानाच्या सावलीत, पाठमोरा, काहीतरी आवरत असलेला. ऑल्ड्रिननं थोडा वेळ कॅमेरा हातात घेतला होता तेव्हाचा. एरवी आर्मस्ट्राँग सापडतो तो दोनच ठिकाणी. एक, जमिनीवरच्या सावलीत. आणि दुसरं, त्या जगप्रसिद्ध फोटोत ऑल्ड्रिनच्या हेल्मेटच्या सोनेरी काचेत, इवलासा. कॅमेरा तरी कसला, तर स्वीडनचा हॅसलब्लाड, छातीवर बसवलेला, डोळा लावून बघायला भिंग नाही. अंदाजानं छाती वळवायची आणि बटण दाबायचं. येताना फिल्म तेवढी काढून घेतली आणि कॅमेरे चंद्रावरच सोडले. वजनाचा हिशेब होता, त्याऐवजी दगड आणले. चांगला कॅमेरा टाकून दगड घेऊन घरी आलेल्या नवऱ्याला त्यांच्या बायका काय म्हणाल्या असतील, हा माझ्या मते अंतराळ-इतिहासातला एक दुर्लक्षित विषय आहे.

तिसरे कॉलिन्स. ते खाली उतरलेच नाहीत. वर फिरत राहिले. दोघं परत येताना त्यांनी खिडकीतून फोटो घेतला. समोर चांद्रयान, त्यात दोघे. खाली चंद्र आणि पलीकडे पृथ्वी, तिच्यावर बाकीचे तुम्ही-आम्ही. म्हणजे झाडून सगळी मनुष्यजात त्या फोटोत आली आहे. (काहीजण पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला होते, पण ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्यांचं तसं होतंच.) फक्त एक माणूस नाही, तो म्हणजे कॉलिन्स.

ही गोष्ट त्यांच्यानंतर गेलेल्या एकाला फार लागली असावी. नोव्हेंबर 1969 मध्ये अपोलो-12 मधून कॉनरॅड आणि बीन हे दोघं चंद्रावर उतरले. उतरले तेही कुठं, तर 1967 साली उतरून बसलेल्या सर्व्हेयर-3 नावाच्या यानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बीन यांनी कोणाला न सांगता आपल्या सामानात कॅमेऱ्याचा सेल्फ-टायमर घातला होता. बेत असा, की सर्व्हेयरजवळ कॅमेरा ठेवायचा, टायमर लावायचा आणि दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचा. फोटो जगभर छापला जाईल, आणि मग कोणीतरी हळूच विचारेल: चंद्रावर माणसं दोन, दोघंही फोटोत, मग फोटो कोणी काढला?

केवढा सुंदर बेत! चार लाख किलोमीटर जाऊन एवढा निर्मळ चहाटळपणा करण्याची बुद्धी ज्याला झाली, त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटतं. पण सर्व्हेयरजवळ पोचल्यावर बीन पिशवीत हात घालून शोधतायत, शोधतायत, टायमर काही सापडेना. वर दगड, खाली दगड. शेवटी सगळं आटोपून परत यानात चढायच्या वेळी पिशवी रिकामी केली तेव्हा तो निघाला. तेव्हा वेळ संपलेली. त्यांनी तो भिरकावून दिला. (प्रवासात ज्यांच्या बॅगेतून चष्म्याचं घर नेमकं गाडी स्टेशनात शिरताना निघतं, त्यांना हे दुःख मी वेगळं समजावून सांगायला नको.) पुढं बीन यांनी 1981 साली नासा सोडली आणि ते पूर्णवेळ चित्रकार झाले. त्यांनी तो फोटो शेवटी रंगवला. दोघं शेजारी शेजारी, मागं सर्व्हेयर. चित्राला नावही दिलं, मराठीत सांगायचं तर 'आम्ही न काढलेला झकास फोटो'. न निघालेल्या फोटोंचा अल्बम करायचं ठरवलं तर आमच्या घराण्याचे तीन खंड सहज निघतील. पण आमच्यात चित्रकार कोणी झालं नाही.

या बाबतीत सर्वांत मोठा अन्याय झालाय तो व्हॉएजरवर. 1977 साली निघालेली ही दोन यानं. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून अशी सगळ्यांची दारं त्यांनी पाहिली, सगळ्यांचे फोटो काढून पाठवले. 14 फेब्रुवारी 1990 ला व्हॉएजर-1 नं सहाशे कोटी किलोमीटरवरून मागं वळून आपल्या सूर्यमालेचा ग्रुप फोटो काढला, त्यात पृथ्वी एका ठिपक्याएवढी. आणि मग त्याचा कॅमेरा कायमचा बंद केला. पण त्याचा स्वतःचा अंतराळातला फोटो एकही नाही! शनीच्या कड्यांजवळून डौलात जाणारं व्हॉएजर तुम्ही ज्या ज्या ठिकाणी पाहिलंत, ते सगळं चित्रकाराचं काम. माझ्याजवळ अशी सात चित्रं आहेत आणि ती बनावट आहेत हे माहीत असूनही मी ती जपून ठेवली आहेत. या यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे आणि तीत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. एकटी कुठं निघालीस, असं विचारणारी चीज. निवड करणाऱ्याला माझा नमस्कार. व्हॉएजर-1 निघालं 5 सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला. गोव्यातल्या केरीहून निघालेला सूर आज सूर्यमाला मागं टाकून पुढं चाललाय. आणि इथं आम्ही पुण्याला जायचं तर रिझर्वेशन मिळतं का बघतोय.

रिझर्वेशनवरून आठवलं. चंद्राचं रिझर्वेशन खरोखर निघालं होतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. 1964 साली व्हिएन्नातल्या एका पत्रकारानं ट्रॅव्हल एजंटकडे जाऊन चंद्राचं तिकीट मागितलं. आपल्याकडे खिडकीवरच्या माणसानं 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावली असती. त्या एजंटानं अर्ज पुढं पाठवला आणि पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीनं तो मंजूर केला. अपोलो-8 नंतर तर रीघ लागली. कंपनीनं क्लब काढला, फी नाही, नंबर घातलेलं कार्ड घरपोच. 1971 मध्ये नोंदणी थांबवली तोवर 93,000 वर लोकांनी नावं दिली होती. काकांनी ही बातमी वाचली तेव्हा ते स्कूटरच्या यादीत नंबर लावून बसले होते. म्हणाले, "इथंही नंबर लावून ठेवायला हरकत नाही. स्कूटरच्या आधी लागेल." आम्ही हसलो. पण नंतर रात्री गच्चीवर अंथरूण घातल्यावर त्यांनी मला विचारलं, "खरंच जायला मिळालं तर जाशील का रे?" मी हो म्हणालो. ते बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "मी कॅमेरा घेऊन येईन."

काकांची स्कूटर 1977 ला आली. चंद्रावर माणसं जायची 1972 च्या डिसेंबरातच थांबली होती. पॅन ॲम 1991 मध्ये बंद पडली. त्र्याण्णव हजार प्रवासी तयार, चंद्र जागच्या जागी. मधली कंपनीच गेली.

मग मी काय करत होतो? नोकरी. छत्तीस वर्षं बँकेत. काउंटरच्या काचेखाली ब्रूस मॅक्‌कँडलेस यांचा फोटो. 7 फेब्रुवारी 1984, खांद्याला यंत्र बांधून, कसलीही दोरी नाही, अवकाशयानापासून जवळजवळ शंभर मीटर दूर, काळ्या आभाळात एकटा तरंगणारा माणूस. त्यांच्या हेल्मेटची काच ओढलेली असल्यामुळं चेहरा दिसत नाही. हे त्यांना स्वतःलाही आवडायचं. आत कोणीही असू शकेल, असं ते म्हणायचे. मी तो परवाना शब्दशः घेतला होता. मार्चअखेरीला बॅलन्स जुळत नसला की मी काचेखाली बघायचो. आत मीच असायचो. वर फोन नसतो, व्हाउचर नसतात आणि 'अहो, पासबुक भरून देता का' असं म्हणणारं कोणी शंभर मीटरच्या आत येऊ शकत नाही.

आपल्या देशाच्या फोटोंबद्दल म्हणाल, तर ते पाहून मला धीर येतो. थुंब्याला 1966 साली आंरी कार्तिए-ब्रेसाँ या थोर फ्रेंच फोटोग्राफरनं काढलेला तो सायकलचा फोटो पाहा. कॅरियरवर रॉकेटचं टोक, आणि सायकल हातात धरून निघालेली मंडळी. सॅटर्न-5 मध्ये मला कोणी बसवलं नसतं. पण मागून हात लावून चालायचं काम मी चोख केलं असतं. दुसरा फोटो 1981 सालच्या ॲपल उपग्रहाचा, बैलगाडीवर ठेवलेला. त्याला पुष्कळजण हसतात. पण ॲंटेनाची चाचणी घ्यायची होती, लोखंडी ट्रकमुळं रेडिओलहरींत घोटाळा झाला असता, म्हणून लाकडाची गाडी आणली होती. गरिबी नव्हती ती, भौतिकशास्त्र होतं. 2014 मध्ये आपलं यान मंगळाभोवती पोचल्यावर एका अमेरिकन वर्तमानपत्रानं गायीचा दोर धरून दार ठोठावणाऱ्या शेतकऱ्याचं व्यंगचित्र काढलं आणि मागाहून माफी मागितली. गाय तरी बरोबर काढायची! आपल्याकडे अंतराळ खात्यात बैल होते.

त्याच दिवशीचा, 24 सप्टेंबर 2014 चा, आणखी एक फोटो जगभर गेला. रेशमी साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या बायका एकमेकींना आनंदानं मिठ्या मारतायत. 'मंगळावर यान नेणाऱ्या शास्त्रज्ञ' म्हणून त्यांचं कौतुक झालं. नंतर खुलासा आला, की त्या शास्त्रज्ञ नव्हत्या, कचेरीतल्या कर्मचारी होत्या. लोकांचा विरस झाला. मला तो फोटो तेव्हापासून दुप्पट आवडतो. पगारपत्रकं वेळेवर निघाल्याशिवाय मंगळावर कोणी पोचत नाही, हे छत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस सांगतोय. राकेश शर्मा 1984 साली गेले तेव्हा रवीश मल्होत्रांनीही तेच शिक्षण पुरं केलं होतं. ते खाली राहिले. 2025 मध्ये शुभांशु शुक्ला गेले आणि प्रशांत नायर तयार होऊन खाली राहिले. फोटो एकाचा येतो.

मला मात्र अखेर संधी मिळाली. मंगळावर 'पर्सिव्हिअरन्स' नावाची गाडी पाठवायची होती, तेव्हा नासानं जाहीर केलं, की ज्यांना यायचं असेल त्यांनी नावं द्यावीत, नावं आम्ही नेऊ. फी नाही. मी त्याच रात्री नाव दिलं. एक छापील बोर्डिंग पाससुद्धा मिळाला. पास हातात आल्यावर मी पुन्हा तोच अर्ज उघडला आणि काकांचं नाव भरलं. त्यांचाही पास निघाला. कोणीही हयातीचा दाखला मागितला नाही. पेन्शन ऑफिसात काम केलेल्या कोणालाही हे खरं वाटणार नाही.

एकंदर 1 कोटी 9 लाखांवर नावं जमली. ती सिलिकॉनच्या तीन चिपांवर, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक रेघांत कोरली, चिपा एका पट्टीवर बसवल्या आणि पट्टी गाडीवर ठोकली. 18 फेब्रुवारी 2021 ला गाडी मंगळावर उतरली. मग तिनं आजूबाजूचे फोटो काढताना स्वतःचाही काढला, आणि त्यात ती पट्टी आली. मंगळाची तांबूस धूळ, गाडीची पाठ, आणि पट्टीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात तीन काळसर ठिपके.

मी तो फोटो मोठा करून आणला आणि सौभाग्यवतींसमोर टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"मंगळावरचा फोटो. यात मी आहे, आणि काका आहेत."

"कुठं?"

मी कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिनं चष्मा लावला, भिंग आणलं, फोटो उजेडाकडे नेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "काका बरे आलेत. तुम्ही मात्र फार बारीक दिसताय."